दोन रिंगांचा फोन

आधी क्षमा मागते. साठीला टेकल्यावर पहिल्यांदा लिहायला बसणाऱ्या बाईने निदान स्वतःला ठाऊक असलेल्या विषयावर लिहावे, अशी अपेक्षा कोणीही केली तर ती रास्तच आहे. मी ज्या आजाराबद्दल लिहिणार आहे तो मला झालेला नाही, माझ्या घरात कोणाला झालेला नाही, आणि मी डॉक्टरही नाही. अंडाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या नोंदींत मी तीन वर्षे एक रकाना भरत होते. तेवढाच माझा या विषयाशी संबंध. याहून जास्त अधिकाराने मी कुठे बोलते आहे असे वाटले, तर तो माझा आगाऊपणा समजावा. दुसरी एक क्षमा आहे, ती वाचकांची नव्हे, दुसऱ्याच कोणाची तरी मागायची आहे. ती अजून मागून झालेली नाही. ही हकीकत तिच्याबद्दलच आहे.

मी नेरूळला राहते. संख्याशास्त्रात एम. एस्सी. झाले, बऱ्या गुणांनी झाले, आणि मग तो कागद कपाटात लग्नाच्या शालूच्या घडीखाली गेला. शालू निदान चार लग्नांत नेसला गेला. कागदाला पंचवीस-तीस वर्षे कोणी हात लावला नाही. मुलगी सासरी गेली, यजमान निवृत्त झाले, आणि एका संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी सहज सांगितले, की त्यांचा मुलगा कर्करोगाचा सर्जन आहे आणि त्याला रुग्णांच्या नोंदी नीट ठेवणारे कोणी मिळत नाही. मी तिळगूळ देता देता पुटपुटले, की मला थोडेफार येते. आयुष्यात मी स्वतःहून पुढे होऊन बोललेल्या दोन-तीन वाक्यांतले ते बहुधा एक असेल.

काम मला आवडले. हे सांगतानाही संकोच वाटतो, कारण ते काम म्हणजे बायकांच्या यातनांची आकड्यांत मांडणी होती. हा आजार बहुतेकींच्या बाबतीत फार उशिरा कळतो. पोट फुगते, भूक मरते, साडीची गाठ वरवर सरकते. घरचे म्हणतात गॅस झाला असेल, ओवा खा. डॉक्टरांकडे येईपर्यंत पोटात पाणी झालेले असते आणि आजार सगळीकडे शिंपडल्यासारखा पसरलेला असतो. मग बहुधा आधी तीन वेळा केमो, त्याने आजार आक्रसला की मोठे ऑपरेशन, नंतर पुन्हा केमो. ऑपरेशन पाच, सहा, कधी आठ तास चाले. अंडाशय आणि गर्भपिशवी तर काढतच; शिवाय आतड्यावरून लोंबणारी चरबीची झालर, पोटाच्या अस्तरावरचे चट्टे, कधी आतड्याचा तुकडाही. माझ्या फॉर्मवर एक ओळ होती: शस्त्रक्रियेअंती उरलेला आजार. नाही, थोडा, जास्त. या तीनपैकी कशावर खूण होते यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी समजावले होते.

या खुणा डॉक्टर स्वतः करून पाठवीत. माझा रकाना त्यानंतरचा. ऑपरेशन झालेली प्रत्येक बाई दर तीन महिन्यांनी तपासणीला यायची. आली, तर मी कागद पाहून तिची स्थिती लिहायची. आली नाही, तर फोन करायचा. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा. तिन्ही वेळा उत्तर आले नाही तर लिहायचे, ‘संपर्क नाही’. अशा बाईला आम्ही हरवलेली धरत असू.

मला फोन करता येत नसे.

हे वाक्य साठीला आलेल्या, पदव्युत्तर शिक्षण झालेल्या बाईने लिहावे याची लाज वाटते, पण ते खरे आहे. ओळखीच्या माणसाला फोन करायचा तरी मी आधी मनात वाक्य जुळवते. इथे तर पहिले वाक्य कोणते, हेच मला कळत नसे. आमच्या घरात आजारी माणसाबद्दल विचारायचे म्हणजे आधी जेवण झाले का, मुले काय म्हणतात, पाणी येते का वेळेवर, असे चार दारांतून आत शिरून मग हळूच ‘आता कसं वाटतंय त्यांना?’ असे विचारायची रीत. मला तर विचारायचे होते, की तुमची बायको जिवंत आहे का.

माझ्या शेजारच्या टेबलावर संशोधन विभागाच्या परिचारिका बसत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. माहेर मराठवाड्यातले, सासर जवळच्या पावणे गावात, आवाज खणखणीत. त्या फोन लावत तेव्हा अख्ख्या खोलीला कळे. ‘‘हॅलो, मावशी! ओळखलं का? तुमची भांडकुदळ सिस्टर. जेवलात? खोटं बोलू नका हां, मला आवाजावरून कळतं. पोट फुगतंय का? बरं, सूनबाईला द्या फोन.’’ एकीकडे बोलत दुसरीकडे फॉर्म भरून मोकळ्या. मी मात्र रिसीव्हरवर हात ठेवून बसलेली असे.

‘‘अहो ताई, फोन काय चावतो का?’’ त्या म्हणत. ‘‘द्या इकडं, मी करते.’’

मी दिला असता, तर पुढचे काही घडले नसते. पण ते माझे काम होते आणि दुसऱ्यावर काम ढकलणे मला फोनपेक्षाही लाजिरवाणे वाटे. एवढा माझा स्वाभिमान.

मी नेटाने केलेला पहिला फोन एका गृहस्थांनी उचलला. मी पत्नींची चौकशी केली. ते म्हणाले, ‘‘काल तेरावं झालं.’’ मी म्हणाले, ‘‘माफ करा.’’ मग रकाना आठवला. मृत्यूची तारीख हवी होती. मी ती विचारली. कशी विचारली ते आठवत नाही. ‘‘थांबा हं,’’ म्हणून ते गेले, बहुधा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे, आणि येऊन त्यांनी तारीख सांगितली. मग अगदी शांतपणे, एखाद्या कचेरीत अर्ज भरताना विचारावे तसे विचारले, ‘‘वेळपण लागेल का?’’

त्यानंतर मी दोन रिंगांचे फोन करू लागले.

आमच्या माहेरी एक रीत होती. कोणी परगावी गेले, की पोहोचल्यावर घरी फोन लावून दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. उचलायचा नाही, बोलायचे नाही. दोन रिंगा म्हणजे सुखरूप आहे, काळजी नको. आई दोन रिंगा ऐकून देवापुढे साखर ठेवी. मी तेच करू लागले. नंबर फिरवायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या, ठेवायचा, आणि फॉर्मवर तारीख, अचूक वेळ व ‘उत्तर नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहायचे. त्यात खोटे काहीच नव्हते. उत्तर आले नव्हतेच. शिवाय मी मनाशी असेही म्हणे, की आपण त्या घरावर हळूच टकटक केली, आठवण ठेवली. पलीकडच्या घरात या दोन रिंगांचा अर्थ काय लागत असेल, हा प्रश्न मला सुचला नाही. तो सुचण्यापुरती बुद्धी माझ्याकडे होती.

आता ज्यांच्यामुळे हे लिहिते आहे त्यांच्याविषयी.

त्या जासईच्या. वय पंचावन्नच्या आसपास, रंग उन्हात भाजलेला, हसल्या की पुढचे दोन दात आधी दिसत. नवरा वारलेला, मोठा मुलगा कंटेनर यार्डात, धाकट्याचे लग्न ठरत आलेले. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन एकेक विधी पुढे नेणारी बाई ती धवलारीण. तिच्या आवाजाशिवाय मांडव हलत नाही. फॉर्मवरच्या ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मी ‘गृहिणी’ लिहीत होते. त्यांनी माझा हात धरला. ‘‘गृहिनी नको लिहू गो बाय. धवलारीन लिही. माझा आवाज उरनपावत जातो.’’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारले, ‘‘पोट उघडून आत काय करतान?’’ मी जमेल तसे समजावले, की दिसेल तो सगळा आजार काढायचा प्रयत्न असतो, कारण मागे जितका कमी राहील तितके बरे. त्यांचा चेहरा उजळला.

‘‘म्हंजे बेननी!’’

भातातले तण उपटण्याला त्यांच्याकडे बेणणी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

‘‘एक मूळ रायला तं सगला परत येतो. डॉक्टरला सांग, मुळासकट काढ. आमच्याकडं अर्धी बेननी करनाऱ्या बायला दुसऱ्या दिवशी कोनी कामाला बोलवत नाय.’’

मी हे डॉक्टरांना सांगितले. ते खूप हसले, आणि दुसऱ्या दिवशी सात तासांनी बाहेर आले तेव्हा दमलेल्या चेहऱ्याने मला म्हणाले, ‘‘सांगा तुमच्या धवलारणीला, बेणणी पुरी झाली.’’ फॉर्मवर ‘नाही’ या शब्दापुढे खूण होती. आतड्याचा एक तुकडा कापून जोडावा लागला होता, पण शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली नव्हती. उरलेले केमो झाले. त्या दोनदा तपासणीला आल्या आणि दोन्ही वेळा रक्ताचा अहवाल चांगला आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून वालाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ओतल्या. ‘‘नेरुलच्या फ्लॅटान शेंगा कुठल्या मिलायला?’’

तिसऱ्या खेपेला त्या आल्या नाहीत. ठरलेल्या तारखेला दहा दिवस उलटून गेले तेव्हा त्यांचे नाव माझ्या यादीत चढले. मी त्यांना चांगली ओळखत होते. निदान त्यांना तरी मी मोकळेपणाने फोन करू शकायला हवे होते. पण माझ्या मनाची रचना अशी विचित्र, की ओळख होती म्हणूनच जास्त भीती वाटली. पलीकडून मुलगा बोलला आणि म्हणाला, की आई गेली, तर? ती तारीख मला माझ्या हाताने लिहायची नव्हती. सोमवारी दोन रिंगा. गुरुवारी दोन रिंगा. पुढच्या मंगळवारी दोन रिंगा. ‘संपर्क नाही’ असे लिहिताना मला चक्क हायसे वाटले. आमच्या नोंदीपुरत्या त्या आता मरू शकत नव्हत्या.

मी शिकलेले इथे सांगणे भाग आहे, कारण माझा अपराध त्याने वाढतो. रुग्ण किती काळ जगले याचा आलेख काढतात, त्याची रेघ जिन्यासारखी उतरत जाते. दर मृत्यूला एक पायरी. जिचा संपर्क तुटला तिच्यासाठी पायरी पडत नाही. रेघेवर फक्त एक बारीक उभी खूण होते आणि ती बाई पुढच्या हिशेबातून बाहेर पडते. यामागे एक गृहीत असते, की हरवलेल्या बायकांचे तेच झाले असेल जे न हरवलेल्यांचे झाले. आमचे प्राध्यापक वर्गात सांगत, की हे गृहीत धरण्याआधी माणूस का हरवला ते शोधा. मी ते वहीत उतरवून घेतले होते, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. आणि माझ्या आलेखावरच्या कितीतरी बायका हरवल्या होत्या त्या केवळ मी दोन रिंगांत फोन ठेवत होते म्हणून. डॉक्टरांनी तो आलेख एका परिषदेत दाखवला. परत आल्यावर म्हणाले, ‘‘मॅडम, सगळ्यांनी विचारलं, इतक्या स्वच्छ नोंदी कोण ठेवतं तुमच्याकडे?’’ मी खाली पाहिले. त्यांना तो माझा विनय वाटला.

चार महिन्यांनी, एका सकाळी, दारातून ओळखीचा आवाज आला. ‘‘हाय का गो बाय जागेवर?’’

आवाज उरणपर्यंत जाणारा नव्हता. त्या मोठ्या सुनेचा हात धरून उभ्या होत्या. साडीची गाठ पुन्हा वर सरकली होती. कसले पोट आहे ते ओळखायला तोवर मला डॉक्टर लागत नव्हता.

‘‘किती दिवसांनी आलात!’’ मी म्हणाले. ‘‘तारीख कधीच होऊन गेली.’’

‘‘भ्याले गो,’’ त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. हसल्यासुद्धा. ‘‘हलदीच्या आमंत्रनाच्या गडबडीन तारीख चुकली. म्हनला पुढच्या आठवड्यान जाऊ. त्यान तुमचा फोन आला. एकदा नाय, तीन वेला! मना वाटला, मागचा रक्ताचा रिपोट मागाहून खराब निघाला, म्हनून दवाखाना एवढा मागं लागलाय. मी पन लावला परत फोन. त्या बाईनं विचारला, कुठल्या खात्यातून आलेला? आता मना काय ठावं कुठला खाता?’’

आमच्या खोलीतून केलेला प्रत्येक फोन पलीकडे रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावरून आल्यासारखा दिसे. तो क्रमांक त्यांनी सुनेकडून दवाखान्याच्या नावाने फोनमध्ये घालून घेतला होता. उलट फोन केला, की तो स्वागतकक्षात जाई, आणि तिथल्या मुलीला मी कोण, माझा रकाना कोणता, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

‘‘मग मी ठरवला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आधी धाकट्याचा लगीन होऊन जाऊ दे. रिपोट खराब हाय तं हाय. एकदा कलला, तं पोरां मना मांडवान गाऊ देनार नायत. माझ्याच पोराच्या लग्नान दुसरी धवलारीन आनायची का?’’

‘‘आम्हाला काही बोलल्याच नाहीत आई,’’ सून म्हणाली. ती बारावी शिकलेली, यार्डाच्या कचेरीत बसणारी, बोलायला चटपटीत. ‘‘फोन कोणाचा विचारलं, तर म्हणायच्या कंपनीवाल्यांचा. लग्नानंतर पोट फुगलं तेव्हा सांगितलं. पण मॅडम, ते फोन लगेच बंद पडायचे. फोन असायचा ओट्यावर. मी मागच्या पडवीतून धावत यायची, तोवर बंद, आणि फोन आईंच्या हातात. तिन्ही वेळा.’’

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता. ती फक्त विचारत होती.

मी म्हणाले, ‘‘नेटवर्क असेल.’’

‘‘तं काय!’’ सासूनेच माझी बाजू घेतली. ‘‘चारी बाजूंनी कंटेनरच्या भिंती उभ्या केल्यान, रेंज काय उडत येल?’’ मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘पन तीन वेला आठवन काढलीस गो. एवढा कोन करतो?’’

त्या तपासणीसाठी आत गेल्यावर मी त्यांची फाइल उघडली. मागच्या खेपेचा अहवाल चांगला होता, अगदी चांगला. त्यांना फार तर दोन-तीन आठवड्यांचा उशीर झाला असता. त्याचे चार महिने मी केले.

स्कॅनमध्ये आजार पोटात अनेक ठिकाणी दिसला. पुन्हा ऑपरेशन करण्यासारखी स्थिती नाही, केमोच द्यावे लागेल, असे ठरले. मी डॉक्टरांना गाठून विचारले, ‘‘चार महिने आधी आल्या असत्या तर?’’ माझ्या प्रश्नामागे काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले. ‘‘परत आलेला आजार एखाद-दोन जागी असेल, सगळा निघण्यासारखा असेल, तर पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो. चार महिन्यांपूर्वी कसा होता, आता कोण सांगणार? कदाचित तेव्हाही असाच असता. याचं उत्तर कोणाकडेच नाही, मॅडम.’’

तो ‘कदाचित’ मी उचलला आणि पदराच्या गाठीत बांधून घेतला. आजही तो माझ्याजवळ आहे. फार कामाला येतो. म्हणूनच त्याची लाज वाटते.

मी डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला. मी म्हणाले, की माझे काही फोन नीट झालेले नाहीत. त्यांचा एक पाय शस्त्रक्रियागृहाच्या वाटेवर होता. ‘‘तुम्ही फार मनाला लावून घेता. गाळलेल्यांना परत करा फोन, नोंदी सुधारा,’’ एवढे म्हणून ते गेले. मी सुधारल्या. ‘संपर्क नाही’ असे लिहिलेल्या प्रत्येक घरी फोन केला आणि यावेळी तो थांबेपर्यंत वाजू दिला. सिस्टरनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. काही बायका स्वतः बोलल्या. काहींच्या घरच्यांनी तारखा सांगितल्या. एका मुलीने मला खडसावले, ‘‘आता आठवण झाली का?’’ ते ऐकून बरे वाटले. आलेखाची रेघ जरा खाली आली. नव्याने पडलेल्या प्रत्येक पायरीमागचे घर आता मला ठाऊक होते.

एका बाईंना मात्र खरे सांगायचे राहिलेच. त्या केमोला येत, मी शेजारी बसे, त्या लग्नाच्या गोष्टी सांगत. हळद कशी दोन दिवस चालली, त्या मांडवात किती वेळ बसल्या, शेवटी आवाज कसा फाटला आणि नवऱ्या मुलानेच येऊन त्यांना पाणी पाजले. ‘‘गायले मी,’’ त्या दर वेळी सांगत. मनात मी वाक्य जुळवीत असे. ते वाक्य जुळेपर्यंत सलाइन संपून जाई.

पुढे त्यांचे येणे थांबले. मी जासईला त्यांच्या घरी गेले, ते सांगायचेच असे ठरवून. ओसरीवर तीन-चार शेजारणी बसल्या होत्या. खाटेवरून त्यांनी मला बोट दाखवून ओळख करून दिली. ‘‘हीच ती बाय. मना तीन वेला फोन करनारी. आपली मानसां पन एवढी चवकशी करत नाय.’’ शेजारणींनी माझ्याकडे आदराने पाहिले. एकीने उठून मला खुर्ची दिली. मी त्या खुर्चीवर बसले.

बस्स, एवढेच केले मी तिथे. चहा प्यायले. त्या म्हणाल्या, ‘‘घशान आवाज नाय रायला, नायतं तुना एक धवला बोलून दाखवला असता.’’ मी म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी.’’

सून मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. कंटेनरची एक लांबलचक गाडी वळण घेत होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. गाडी गेल्यावर ती म्हणाली, ‘‘काकी, एक विचारू? मी तेव्हा जरा जोरात धावले असते, एक जरी फोन उचलला असता, तर आई त्याच आठवड्यात आल्या असत्या ना?’’

मी पदराच्या गाठीतला तो ‘कदाचित’ सोडून तिला दिला. ‘‘डॉक्टर म्हणतात, कदाचित काहीच फरक पडला नसता.’’

‘‘कदाचित,’’ ती म्हणाली, आणि मान हलवून घराकडे वळली. पाठमोरी असताना तिने डोळे पुसले, की पदर सारखा केला, ते मला नीट दिसले नाही. नीट पाहिले नाही.

त्या गेल्या ते मला तिच्याच फोनने कळले. तारीख तिने न विचारताच सांगितली. ‘‘तुमच्या कागदावर लिहायची असते ना, म्हणून.’’ मी ती लिहिली. थोड्याच दिवसांत काम सोडले. घरी सांगितले, की डोळ्यांना ताण पडतो.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. सासूबाईंचे वर्षश्राद्ध आहे, काकी, तुम्ही यायलाच हवे, आई तुमचे नाव फार घ्यायच्या. खाली आणखी दोन ओळी होत्या. ‘मी आता फोन कुठेच ठेवत नाही. स्वयंपाक करताना कमरेला असतो. पहिल्या रिंगलाच उचलते. घरातले हसतात मला.’

मी त्या ओळी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. वर्षभर ती जे ओझे कमरेला बांधून फिरते आहे ते तिचे नाही, माझे आहे. ते उतरवायला मोठा धीर लागत नाही, एक फोन लागतो. त्यात माझी अडचण अशी, की तिच्यापुढे माझी जुनी युक्ती चालणार नाही. मी फोन लावला, की पहिल्याच रिंगला ती म्हणेल, ‘‘बोला काकी.’’

त्यानंतरचे पहिले वाक्य मी कोणते बोलू?